सुटल्याचा भोंगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नोकरी, विश्रांती आणि आरोग्य यांचा मेळ कसा घालावा, यावर पानभर मजकूर आला आहे. पहाटे पाचला उठावे, वीस मिनिटे प्राणायाम करावा, झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा, आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी राखावा, असे एकूण दहा उपाय त्यात सांगितले आहेत. ते चुकीचे आहेत असे मला म्हणायचे नाही. मी स्वतः पहाटे पावणेपाचला उठते, मात्र प्राणायामासाठी नव्हे, तर दोन डबे आणि ८.१४ची गाडी यांच्यासाठी. मला खटकले ते एवढेच, की हे दहाच्या दहा उपाय नोकरदार माणसाने स्वतःवर करायचे आहेत. त्याला कामाला लावणाऱ्याने काय करावे, याबद्दल त्या पानावर एकही ओळ नाही. शिवाय ‘एक दिवस स्वतःसाठी राखावा’ हा सल्ला ज्या शहरात छापला जातो, त्याच शहरातल्या कामगारांनी तो दिवस १३० वर्षांहून अधिक काळापूर्वी मालकांशी भांडून मिळवला होता. त्यांना तो कोणी सल्ला म्हणून दिला नव्हता.

मी डोंबिवलीला राहते आणि परळला एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात गेली बावीस वर्षे नोकरी करते. कामाचे तास नऊ, येण्याजाण्याचे साधारण साडेतीन. परतीच्या गाडीत आमच्या डब्यात कोणी मटार सोलत असते, कोणी मेथी निवडत असते आणि ज्यांना खिडकी मिळाली त्या ठाण्यापर्यंत डोळे मिटून घेतात. निवडलेली मेथी पिशवीत भरून डोंबिवलीला उतरणाऱ्या बाईला आपण विश्रांती घेतली की काम केले, हे विचारले तर तिला सांगता येणार नाही. वेळेचे नियोजन शिकवणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी साडेसहाच्या लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करावा, म्हणजे नियोजनात आमच्याकडून काही कसूर राहिली आहे का, ते त्यांचे त्यांनाच कळेल.

रविवारच्या सुटीचा इतिहास शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतो, म्हणून तो थोडा सविस्तर लिहिते. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांची सभा भरवली ती याच परळ भागात. त्या वेळी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज तयार झाला, त्यातल्या मागण्या आज वाचताना आश्चर्य वाटते. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार चालू राहावा. या पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत, पैशाचा विषय त्यांच्यानंतर येतो. ज्यांना पगार अपुरा पडत होता, त्यांनीही आधी वेळ मागितला. अर्ज केला आणि सुटी मिळाली असे मात्र झाले नाही, सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या दोन्ही गोष्टी आल्या. रविवार साहेबाच्या चर्चचा वार म्हणून आपल्याला आयता मिळाला, असे अजून पुष्कळांना वाटते. तो आपल्याकडे खंडोबाचाही वार आहे, हे तूर्त बाजूला ठेवू. पण तो आयता मिळालेला नाही, एवढे तरी आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

त्या अर्जातला ‘सूर्यास्त’ हा शब्द मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते आणि दिवस मावळला की सूत दिसेनासे होई, त्यामुळे कामाची एक हद्द निसर्गानेच घालून दिलेली होती. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ती हद्द पुसली गेली. दिवे आहेत म्हटल्यावर साचे, म्हणजे कापड विणणारे माग, थांबवायचे कशासाठी, असा साधा हिशेब झाला आणि काम चौदा-चौदा तासांपर्यंत लांबले. कामगारांनी लवकर झोपावे, दिव्याकडे पाहू नये, असा उपाय त्यावर कोणी सुचवला नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले, १९२२ मध्ये ते अकरा तास झाले, १९३४ मध्ये दहा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच कालखंडाच्या अखेरीस, १९४६ मध्ये, आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. म्हणजे नवे यंत्र आले, त्याने कामाचा दिवस ताणला आणि समाजाने नियम करून तो पुन्हा आखडला, हे आपण एकदा पाहिलेले आहे. खिशातल्या फोनच्या बाबतीत दिवा लागून पंधरा वर्षे झाली, नियम मात्र अजून यायचा आहे.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या घरी त्यांच्याविषयी जे बोलले जाई, त्यात कष्टांचे वर्णन भरपूर होते, पण ‘गिरणी सुटली’ हे दोन शब्द ते ज्या स्वरात म्हणत, तो स्वर मी पुढे कोणत्याही नोकरदार माणसाच्या तोंडून ऐकला नाही. भोंगा जसा पाळी सुरू होण्याचा असे, तसा सुटण्याचाही असे. तो वाजला की जॉबरला, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमालासुद्धा, माणसाला अडवता येत नसे, कारण दुसऱ्या पाळीचा माणूस साच्याजवळ येऊन उभा राहिलेला असे. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये झोपही पाळीने घ्यावी लागे, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. तेव्हा त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. तरीही त्या माणसांना सुटल्यानंतरचा वेळ ‘आपला’ म्हणता येत होता आणि त्या वेळात त्यांनी काय केले, याची यादी मोठी आहे. गल्लोगल्ली व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ उभे राहिले, कोकणातल्या मंडळींनी भजनाच्या बाऱ्या बसवल्या, शाहिरांनी डफ हातात घेतला, चाळीच्या तळमजल्यावर मोफत वाचनालये निघाली. आजोबांना लिहितावाचता येत नव्हते, परंतु रविवारी सकाळी वाचनालयाच्या बाकावर बसून ते दुसऱ्याकडून वर्तमानपत्र ऐकत. थकलेल्या माणसाने पडून राहणे एवढाच विश्रांतीचा अर्थ आपण धरू लागलो आहोत, कारण पडून राहण्यापलीकडे उरेल इतका वेळ आता बहुतेकांना मिळतच नाही.

आता माझ्या रविवारबद्दल. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पावणेअकराच्या सुमारास पुरणासाठी डाळ शिजत होती आणि ओट्यावर ठेवलेला फोन थरथरला. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा संदेश होता: एका पुरवठादाराची मागच्या तिमाहीची थकबाकी हवी आहे, पाच मिनिटांचे काम. मिनिटाभरात दोघांनी अंगठा दाखवला, एकाने ‘नोटेड सर’ लिहिले, आणि ती खतावणी माझ्याकडे असल्याने पुढचा तास माझा गेला, कारण लॅपटॉप उघडणे, कंपनीच्या सर्व्हरला जोडणे आणि दोन जुळत नसलेल्या नोंदी शोधणे हे पाच मिनिटांत होत नाही. डाळ तळाला लागली ती वेगळीच. सोमवारी मी साहेबांना विचारले की ती थकबाकी कशासाठी हवी होती. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की गुरुवारच्या बैठकीसाठी. आठवले तसे लिहून टाकले, विसरायला नको म्हणून.

हिशेबाच्या कामात निकडीचे दिवस असतात आणि ते आम्हाला पाठ असतात. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीचे पहिले विवरण, १५ ला भविष्यनिर्वाह निधी, २० ला दुसरे विवरण, आणि वर्षाअखेरीस लेखापरीक्षण. त्या तारखांना रात्री नऊ वाजले तरी आमच्यापैकी कोणी कुरकुर करत नाही, कारण ती निकड खरी असते आणि महिनाभर आधी ठाऊक असते. रविवारच्या संदेशांपैकी एकही या तारखांमुळे आलेला मला आठवत नाही. ते येतात वरिष्ठाला आठवले म्हणून, शुक्रवारी करायचे राहिले म्हणून, किंवा त्याच्याही वरच्याने त्याला तसेच सुटीच्या दिवशी विचारले म्हणून. दुसऱ्याच्या विसरभोळेपणाचा भार आपल्या सुटीवर पडतो, तेव्हा त्याला कामाचा ताण म्हणण्यापेक्षा शिस्तीचा अभाव म्हणणे अधिक योग्य होईल, आणि तो अभाव आमच्या बाजूचा नाही. रेल्वे रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या थांबवून मेगाब्लॉक घेते, आधी जाहीर करते, आपण चरफडतो पण वेळापत्रक बदलतो. रूळ आळशी झाले असे कोणी म्हणत नाही.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा अधिनियम आला तेव्हा त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुटी आणि जादा तासांना दुप्पट दर अशा तरतुदी होत्या. परंतु गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरील व्यक्तीला त्या लागू होत नाहीत, आणि खरी मेख इथे आहे. आमच्या कचेरीत तीसेक माणसे आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ हा शब्द या ना त्या विशेषणासह छापलेला आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाताखाली एकही माणूस नाही. पदनाम वाढवायला खर्च येत नाही. कायद्याने खऱ्या कामाचे स्वरूप पाहायचे असते, कार्ड नव्हे, हे मला माहीत आहे. पण ते पाहायला लावण्यासाठी नोकरी पणाला लावून कोण जाणार?

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला बारा आणि दुकाने व आस्थापनांत दहा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादाही १४४ तासांवर नेण्यात आली, आणि वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेल असे ठरले. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल आणि जादा तासांचे पैसे मिळतील, असे यावर सांगितले जाते. ‘लेखी संमती’ हा शब्दप्रयोग ज्यांनी रुजू होण्याच्या दिवशी वीस कागदांवर न वाचता सह्या केल्या आहेत, त्यांना मी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. याउलट राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला, तेव्हा रोजची पाऊण तास वाढीव वेळ उघडपणे जाहीर केली. शनिवार किती मिनिटांना विकत घेतला, हे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक आहे. आम्हाला आमच्या रविवारचा भाव अजून कोणी सांगितलेला नाही.

आठवड्याला सत्तर तास काम करा, असे २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना सांगितले. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचे नव्वद तासांबद्दलचे आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असे विचारणारे वक्तव्य गाजले. त्यांवर विनोद पुष्कळ झाले. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेली आकडेवारी गांभीर्याने घ्यायला हवी होती. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यांना आढळले. यावर प्राणायामाने किती टक्के कमी होतात, हे पुरवणीतल्या लेखकांनी सांगावे.

मला घरातल्या कामाविषयीही लिहिले पाहिजे, नाही तर हे पत्र अर्धवट राहील. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. सुटीच्या दिवशी पुरणपोळी हवी असते ती ज्यांच्यासाठी, त्यांचा रविवार आणि माझा रविवार एक नव्हे. परंतु हा हिशेब मांडता मांडता मी स्वतःही एका ठिकाणी अडकले. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुटी कोणत्या दिवशी असते, असे मुलीने मला विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. अकरा वर्षे त्या येत आहेत. न आल्या त्या दिवसाला आम्ही घरात ‘खाडा’ म्हणतो आणि महिन्याला दोनांपेक्षा जास्त खाडे झाले की मी नापसंती दाखवते. गिरणीतला शब्द आमच्या घरात आला तो आजोबांच्या बाजूने नव्हे, मालकाच्या बाजूने आला, हे ध्यानात आल्यावर मी मावशींचे रविवारचे येणे बंद केले. पगार तोच ठेवला. पहिल्या रविवारी मावशी सवयीने आल्याच, आणि आल्याच आहेत तर दोन भांडी घासतात का, हे विचारण्याचा मोह मला झाला, हेही नमूद करते.

कचेरीत आम्ही एक छोटा प्रयत्न केला आहे. दिवाळीनंतर आमच्या विभागातल्या तिघींनी वर सांगितलेल्या तारखांचा एक तक्ता तयार केला आणि साहेबांपुढे ठेवला: या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत केव्हाही बोलवा, एरवी शनिवारी दुपारी दोननंतर आठवलेले काम ग्रुपवर न टाकता मेलवर टाका, आम्ही सोमवारी पहिले तेच करू. त्यांनी अपेक्षेपेक्षा सहज मान्य केले; त्यांचेही वरिष्ठ आहेत आणि त्यांनाही रविवार आहे. पुरणाच्या दिवसाचा प्रसंग त्यानंतरचाच, म्हणजे नियम पुरता पाळला जातो असे नाही, पण महिन्याला आठ-दहा संदेश येत ते एक-दोनावर आले आहेत. गोदामातल्या आणि मालाच्या पोहोचीवरच्या मुलांना मात्र यातले काहीच मिळालेले नाही. त्यांचे फोन ग्राहकांकडून येतात आणि ग्राहकाला तक्ता दाखवता येत नाही. तिथे कायद्याचीच गरज आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कायद्याच्या तरतुदी आहेत. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी, म्हणजे सरकारने न आणलेले, विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे पुढे बहुधा काय होते, ते आपण जाणताच.

म्हणून माझी विनंती पुरवणीपुरतीच आहे. येत्या १० जूनच्या आसपास या विषयावर आपण पुन्हा पान काढणार असाल, तर त्या दहा उपायांच्या शेजारी एक चौकट द्यावी. दिवसाचे तास आता किती, किती तासांनंतर विश्रांती मिळालीच पाहिजे, जादा तासांचा दर काय, सुटीच्या दिवशी बोलावल्यास बदली सुटी केव्हा द्यायची, नावापुरत्या मॅनेजरला यातले काय लागू होते आणि तक्रार कोणत्या कार्यालयात, कशी करायची, एवढेच त्यात असावे, आणि अक्षर जरा मोठे असावे. आमच्या डब्यात अजून दोघीजणी छापील वर्तमानपत्र घेतात. घाटकोपर येईपर्यंत ते सगळ्यांच्या हातून फिरून परत त्यांच्याकडे येते.

आपली नम्र,
एक नोकरदार वाचक
डोंबिवली (पूर्व)